वेखंड, जटामांसी आणि आईचं नाक

आईला वास येत नाही हे मला ती डब्लिनला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. मी टोस्टरमध्ये ब्रेड घालून विसरले होते. स्वयंपाकघरात धूर झाला, छतावरचा अलार्म केकाटायला लागला, तेव्हा कुठे टोस्टरपासून हातभर अंतरावर बसलेली आई दचकली. तोवर ती शांतपणे लसूण सोलत होती. मी धापा टाकत खाली आले आणि आधी तिच्यावरच खेकसले, "अगं, नाकाला काय झालंय तुझ्या?" आमचं हे असंच आहे, तोंड आधी उघडतं, डोकं मागाहून येतं. आई म्हणाली, "नाकालाच झालंय."

मग चहा घेता घेता सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी तिला आठवडाभर ताप आला होता. ताप गेला, तो वास घेऊन गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की होतं असं या वयात, खातापिताय ना, मग झालं. आईने ते ऐकून घेतलं आणि कोणालाच काही सांगितलं नाही. मी रोज फोन करायची, रोज 'काय केलंस जेवायला' विचारायची, पण तिला त्याचा वास आला का, हे कशाला विचारेन? दिवाळीला गल्लीतल्या वीस घरांना ती उटणं करून द्यायची. गव्हला कचोरा, नागरमोथा, चंदन, सगळं नाकाने मोजायची, ताजवा कधी लागला नाही. तापानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिने ते अंदाजाने केलं. शेजारणीने एकदा हळूच विचारलं, यंदा कापूर जास्त झाला का हो? त्यानंतर तिने उटणं करणं सोडलं. गुडघे दुखतात असं सांगितलं.

मला आठवा महिना सरत आला होता. आई बाळंतपणासाठी आली होती, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आणि त्याच घराच्या वरच्या खोलीत बसून मी पीएचडीचा प्रबंध लिहीत होते. विषय: प्राचीन ग्रीक भाषेतले सुगंधी वनस्पतींचे आणि सुगंधी तेलांचे शब्द. माझ्या नवऱ्याने एकदाच 'काय योग आहे बघ' म्हणून पाहिलं. माझा चेहरा बघून पुन्हा म्हणाला नाही.

आई मात्र त्या दिवशी रडली वगैरे नाही. कप विसळता विसळता एवढंच म्हणाली, "उटण्याचं जाऊ दे. बाळाच्या टाळूचा वास तेवढा यायला हवा होता मला. तू झालीस तेव्हा मी दिवसभर तेच करत होते. दोन-तीन महिने असतो तो, मग जातो." एवढं बोलून तिने प्रेस उघडलं आणि तिथे कप नीट ओळीत लावले. कपाटाला प्रेस म्हणायला ती एका दिवसात शिकली होती.

माझा विषय ऐकला की आमच्या ओंगार भागातल्या मराठी मंडळींना हसू येतं. इथले सगळे सॉफ्टवेअरवाले, माझा नवराही त्यातलाच, रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकाला चेरीवूडला जातो. गणपतीला भेटले की विचारतात, मग अत्तराचं दुकान काढणार का? मी सुरुवातीला समजावून सांगायची. आता म्हणते, हो, तुम्हाला पहिली बाटली फुकट. खरं म्हणजे तो विषय मला माझ्याच घरातून मिळाला आहे. ग्रीक लोक तेलात फुलं-मुळं मुरवून जे मलम करत त्याला ते मूरॉन म्हणत. त्या मूरॉनमध्ये जाणारा नार्दोस म्हणजे आपली जटामांसी. कोस्तोस म्हणजे कोष्ठ. मालाबाथ्रॉन म्हणजे तमालपत्र. हे सगळं इकडून तिकडे गेलं आणि जाताना नावंही घेऊन गेलं. कालामोस म्हणजे आपलं वेखंड, असं माझं मत आहे. माझ्या गाइडचं मत वेगळं आहे, ते म्हणतात ते एक प्रकारचं गवत. त्यावर आम्ही दोघं दोन वर्षं भांडतोय. ते आयरिश, मी मिरजेची, दोघांनीही माघार घेतलेली नाही.

नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा मी माझ्या डॉक्टरीणबाईंना आईचं विचारलं. त्या म्हणाल्या, औषध नाही. पण चार-पाच ठळक वास रोज सावकाश हुंगायचे, हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, असा एक सराव असतो. काहींना त्याने फरक पडतो. दोन वर्षं होऊन गेलीयत, तेव्हा फार आशा धरू नका. यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. म्हणजे कानावर पडलं, पण घेतलं नाही.

साधी माणसं या सरावाला लिंबू, लवंग असलं काही वापरतात. मी कसली साधी! मी औषधाच्या पाच तपकिरी बाटल्या आणल्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा, आणि त्यांत माझ्या ग्रीकांची पाच द्रव्यं. आयरिसच्या फुलाचं वाळवलेलं मूळ मी ऑनलाइन मागवलं. मरवा सुपरमार्केटमध्ये मसाल्यांच्या फळीवर मिळाला. जटामांसी आणि वेखंड आईच्याच बॅगेत होती, बाळ-बाळंतिणीसाठी आणलेली. आणि गुलाबाचं अत्तर इंडियन दुकानातलं. क्रमही मी ठरवला. गुलाब शेवटी, कारण जुन्या ग्रीक जाणकारांचं म्हणणं होतं की गुलाब बाकीच्या वासांना झाकून टाकतो. दुकानदार म्हणे गिऱ्हाइकाला आधी गुलाब हुंगवत, म्हणजे त्याला दुसऱ्याच्या दुकानातलं काही आवडणारच नाही. आईला ही लबाडी फार आवडली.

तर रोज सकाळी नाश्ता झाला की स्वयंपाकघराच्या टेबलाशी आमचा वर्ग भरायचा. आई डोळे मिटून बसायची. मी एकेक बाटली तिच्या नाकाखाली धरायची, स्वतः तोंडाने श्वास घेत, कारण त्या दिवसांत उग्र वासाने मला मळमळायचं. आणि बोलत राहायची. आठवायला मदत नको का? आयरिसचं मूळ दोन-तीन वर्षं वाळवतात, मग त्याला पिठासारखा कोरडा, गोडसर वास येतो. मरवा हिरवा, जरा कडवट, देवळाबाहेरच्या गजरेवाल्याच्या टोपलीसारखा. जटामांसी म्हणजे ओली माती, मुळं, जुन्या लाकडी पेटीचा तळ. वेखंड तिखट, नाकात चढणारं. मग गुलाब. मध्येच मी ग्रीकांच्या गोष्टी सांगायची. ते साबण लावत नसत, अंगाला तेल चोळून खरवडून काढत, हे ऐकून आई म्हणाली, अभ्यंगच की. श्रीमंत लोक केसांना एक, हातांना दुसरं आणि गुडघ्यांना तिसरं तेल लावत, हे ऐकून म्हणाली, मग कामाला कधी जायचे?

तिसऱ्या आठवड्यात, मरवा झाल्यावर, आईने एकदम भुवया उंचावल्या. "थांब. काहीतरी येतंय. मातीसारखं." माझ्या हातात जटामांसीची बाटली होती. पोट सांभाळून मला नाचता येत नव्हतं म्हणून, नाहीतर नाचलेच असते. मी नवऱ्याला फोन करून मीटिंगमधून बाहेर बोलावलं आणि सांगितलं. गाइडना मेल लिहिली. दुसऱ्या दिवशी वेखंड आलं, तिखट, नाकात चढणारं. चौथ्या दिवशी मरव्याला जरा कडवटपणा आहे असं ती म्हणाली. मी प्रबंधाच्या प्रस्तावनेत एक परिच्छेदच घातला, की हे शब्द मेलेले नाहीत, आमच्या स्वयंपाकघरात ते माझ्या आईचं नाक परत आणतायत. किती शहाणी मी!

बाळ दहा दिवस उशिरा आलं. मुलगी. आम्ही घरी आलो तेव्हा आईने दारात तुकडा ओवाळून टाकला, हात धुतले आणि तिला घेतलं. खिडकीशी गेली, तिच्या डोक्यावर वाकली आणि किती तरी वेळ तशीच राहिली. मला टाक्यांमुळे धड बसता येत नव्हतं, तरी मी सोफ्यावरून मान वर काढून विचारलं, "येतोय का?" आई पाठमोरी होती. म्हणाली, "येतोय की." मी ढसाढसा रडले. तिच्या नव्वदातले चाळीस दिवस संपले होते, पण काम झालं होतं. नवऱ्याने मला टिश्यूचा अख्खा खोका आणून दिला.

पुढचे दिवस तेलात गेले. आई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, टाळू भरायची, वेखंडाची पूड लावायची. ओवा-वावडिंगाची धुरी तिने एकदाच घरात दिली. अलार्म असा केकाटला की शेजारचे आजोबा काठी घेऊन दारात आले. मग ती बंदच झाली. पब्लिक हेल्थ नर्स घरी येऊन बाळाचं वजन करून गेली. टाळूवर एवढं तेल कशाला, असं तिने विचारलं, पण वजन छान वाढत होतं, म्हणून शेवटी सगळं ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आहे म्हणाली. आईला ती फार आवडली. आमचा बाटल्यांचा वर्गही चालू होता. मी अर्धवट झोपेत बाटल्या पुढे करायची, आई नावं सांगायची आणि बाळ माझ्या खांद्यावर असायचं.

बाळ महिन्याचं झालं त्या शनिवारी नवऱ्याला साफसफाईची हुक्की आली. मदत करतोय बिचारा, म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आम्ही टेबलाशी बसलो. आयरिस झालं, मरवा झाला. तिसऱ्या बाटलीला आई म्हणाली, "जटामांसी आज छान येतेय. ओली माती. जुनी पेटी." चौथी बाटली घेताना ती मला जरा हलकी वाटली. कापूस वाळला असेल, वेखंड नवीन घालायला हवं, म्हणून मी ती स्वतःच्या नाकाशी नेली. भांड्यांच्या साबणाचा वास आला. लिंबाचा, हिरव्या साबणाचा. मी तिसरी उघडली. साबण. पहिली, दुसरी, पाचवी. साबण. नवऱ्याने पाचही बाटल्या स्वच्छ धुऊन हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वाळवल्या होत्या आणि आत नवे पांढरे बोळे घालून पुन्हा ओळीने ठेवून दिल्या होत्या.

आई डोळे मिटून बसली होती. मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळलेलं नाही. मी चौथी बाटली तिच्या नाकाखाली धरली. ती म्हणाली, "वेखंड." मी पाचवी धरली. ती हसली आणि म्हणाली, "गुलाब."

मी छान म्हणाले आणि वर गेले. आधी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं, इतकं की त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की बाटल्या धुण्यात एवढा काय गुन्हा झाला. मग आईचा राग आला. मग मी पलंगावर बसले आणि राग संपला, आणि जे राहिलं ते फार वाईट होतं. रोज तोच क्रम. गुलाब शेवटी. रोज तीच वाक्यं. कुठलंही लहान मूल शाळेत पाठ करतं तसं आईने ते पाठ केलं होतं. तिने एकदाही स्वतःचा शब्द वापरला नव्हता, सगळे माझे होते, आणि मी, शब्दांवर पोट भरायला निघालेली बाई, मला ते ऐकू आलं नव्हतं. तरी तिला दोष कसा देऊ? मी स्वतः तरी दुसरं काय करते? दोनशे पानं लिहिलीयत मी त्या तेलांवर, आणि त्यातला एक थेंब कधी हुंगलेला नाही. उत्खननात सापडतात त्या कुप्या कोरड्या असतात. कोणीतरी लिहून ठेवलंय वास कसा होता, त्यावरून मी तो दुसऱ्यांना सांगते, तेही छातीठोकपणे.

मग मला खिडकीशी पाठमोरी उभी असलेली आई आठवली. 'येतोय की' म्हणाली होती ती. मी पलंगावर बसून दोन्ही हातांनी तोंड दाबलं, कारण खाली ती बाळाला अंगाई म्हणत होती आणि तिला ऐकू उत्तम येतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर मिळतो का, म्हणून मी फोन केले. जो नंबर मिळत होता तो ती मिरजेला परतल्यावर चार महिन्यांनी होता. पैसे भरून लगेच बघणारे एक सापडले, तर आईने साफ नकार दिला. "आता येतोय की मला वास. कशाला उगीच?" तू खोटं बोलतेयस असं तिला तोंडावर सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. एरवी जगभरच्या माणसांना फाडकन बोलणारी मी. मी बाटल्या पुन्हा भरल्या. पुढचे अडीच-तीन आठवडे आम्ही दोघी रोज सकाळी त्या टेबलाशी बसलो. मी बाटली धरायची, ती येतोय म्हणायची, मी छान म्हणायची. एकदा मला वाटलं, क्रम बदलावा, म्हणजे ते एकदाचं फुटेल. हात गुलाबाकडे नेला सुद्धा. आई डोळे मिटून, मान जरा वर करून वाट बघत होती. मी आयरिसच उचललं.

ती निघाली त्या दिवशी दुपारचं विमान होतं. नवरा बॅगा गाडीत ठेवत होता. बाहेर नेहमीची भुरभुर चालू होती. आईने शेवटचं न्हाऊ घातलं, टाळूवर तेल जिरवलं, टोपडं मात्र बांधलं नाही. बाळाला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मी तिचा स्वेटर घेऊन उभी होते. मला वाटलं ती बाळाशी बोलतेय, इतकं हळू विचारलं तिने.

"कसा येतो गं?"

मी काय म्हणून विचारलं.

"हिच्या टाळूचा वास." माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "तू वासाचं एवढं शिकलीयस. नीट सांग. मी पाठ करून नेते."

म्हणजे तिला माहीत होतं की मला माहीत आहे. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मी खाली बसले. माझ्याकडे त्या क्षणी ना ग्रीक होतं ना मराठी. मी म्हणाले, दुधासारखा, जरा उबदार. आई म्हणाली, तो तुझा झाला. तुझा येत होता मला. हिचा सांग.

मला रडू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते माझ्याने आवरेना. नवऱ्याने दारातून निघायची वेळ झाल्याचं सांगितलं. आईने पदराने माझे डोळे पुसले, जरा घाईनेच, आणि बाळाला माझ्या पुढे धरलं. रडणं नंतर कर, आधी वास घे, म्हणाली. मी वाकले. त्या मऊ, तेलकट डोक्याला नाक लावून जोरात श्वास घेतला. रडून रडून माझं नाक पार चोंदलेलं होतं. काही म्हणजे काही आलं नाही. मी पुन्हा घेतला, पुन्हा काही नाही.

"येतोय ना?" आईने विचारलं.

मी येतोय म्हणाले. आणि सांगायला लागले. साय, म्हणाले. उन्हात वाळवलेलं दुपटं, म्हणाले. नुकतेच तांदूळ पाखडलेलं सूप, पहाटेचं अंगण, जे सुचेल ते सांगत गेले, एकही शब्द खरा नव्हता. आई डोळे मिटून, ओठ हलवत, एकेक पाठ करत होती.